९६००, आठ, एन, एक
जुन्या घरगुती संगणकांच्या सीरियल पोर्टचा आढावा

सुरू करायला एकही डिस्क नाही, असा ॲपल टू-सी आज कुणाच्या हाती लागला, तर तो जागा करण्याचा रस्ता मशीनच्या पाठीमागेच असतो. पाच पिनांच्या गोल सॉकेटात केबल लावायची, तिचं दुसरं टोक आजच्या संगणकाला जोडायचं आणि ॲपलच्या कीबोर्डवर ‘आयएन#२’ एवढं टाइप करायचं. मग कंट्रोल-ए दाबून ‘१४बी’. इथून पुढे मशीन कीबोर्डाऐवजी वायरीवरून हुकूम घेतं. पलीकडे चाललेला एडीटीप्रो नावाचा मोफत प्रोग्राम कुणीतरी टाइप करत असल्याच्या थाटात आकडे पाठवत राहतो, ॲपल ते मेमरीत भरून घेतो, आणि थोड्याच वेळात १९८४ सालचं हे यंत्र कोऱ्या फ्लॉपीवर स्वतःसाठी सुरुवातीची डिस्क लिहायला बसतं.

पण ‘१४बी’ ऐवजी ‘९६००’ का लिहायचं नाही? उत्तर सरळ आहे. टू-सीच्या प्रत्येक सीरियल पोर्टमागे ६५५१ नावाची चिप आहे आणि तिच्या नियंत्रण रजिस्टरमध्ये ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, या वेगाचा सांकेतिक आकडा १४ आहे. १९२००ला १५, १२००ला ८, ३००ला ६. चिपच्या पोटातला क्रमांक ॲपलने तसाच वापरणाऱ्याच्या हातात ठेवला. त्या काळातल्या घरगुती संगणकांचे सीरियल पोर्ट जुळवताना दर मशीनपाशी हाच प्रश्न पुढे येतो: सेटिंग कुठे ठेवलेलं आहे? चिपमध्ये, प्रोसेसरच्या एखाद्या फेऱ्यात, रॉममधल्या हुकुमात, की बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत? ते जिथे असतं, तिथेच बहुतेक वेळा बिघाडही असतो.

सीरियल म्हटलं की आरएस-२३२ हे प्रमाण आठवतं. ते अमेरिकेतलं, १९६० सालचं. सर्वत्र चालू राहिलेली त्याची ‘सी’ आवृत्ती १९६९ची. त्याने विजेचा दाब ठरवला: पाठवणाऱ्याने उणे ५ ते उणे १५ व्होल्ट दिले की ‘एक’, अधिक ५ ते अधिक १५ दिले की ‘शून्य’. कोणत्या वायरीचं काम काय, हेही ठरवलं. एका टोकाला टर्मिनल आणि दुसऱ्या टोकाला मोडेम आहे, असं मात्र त्याने गृहीत धरलं. घरगुती संगणक यांपैकी कुणीच नव्हता. आज तो मोडेमशी बोलायचा, उद्या प्रिंटरशी, परवा शेजारच्या दुसऱ्या संगणकाशी. शिवाय एक अक्षर किती बिटांचं, नेमका वेग किती, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) लावायची की नाही, याबद्दल हे प्रमाण काहीच बोलत नाही. ते दोन्ही बाजूंनी आपसात ठरवायचं.

शीर्षकातले चार शब्द म्हणजे तो करार. वेग सेकंदाला ९६०० बिट, अक्षरात ८ बिट, पॅरिटी नाही, शेवटी थांब्याचा १ बिट. अक्षराच्या आधी सुरुवातीचा एक बिट लागतोच, म्हणजे दर अक्षरामागे दहा बिट आणि सेकंदाला ९६० अक्षरं. ॲपलची १४० किलोबाइटची फ्लॉपी, म्हणजे १,४३,३६० बाइट, या वेगाने अडीच मिनिटांत वायरीवरून जाते. ३०० बॉडला तिलाच ऐंशी मिनिटं लागतील. जुन्या डिस्का वाचवायला बसलेले लोक वेगासाठी का धडपडतात, ते यावरून कळावं.

स्वस्त मशीनांनी सीरियल चिपचा खर्चच टाळला. टँडीच्या टीआरएस-८० कलर कॉम्प्युटरवर (१९८०) चार पिनांचं सॉकेट होतं आणि एकेक बिट बाहेर ढकलण्याचं काम प्रोसेसर स्वतः करायचा. दोन बिटांच्या मध्ये किती थांबायचं, हे मेमरीतल्या १५० क्रमांकाच्या घरात लिहिलेलं असे. तिथे मुळात ८७ असायचे, म्हणजे ६०० बॉड. ‘पोक १५०,४१’ लिहिलं की १२००, ‘पोक १५०,१८’ लिहिलं की २४००. हा आकडा बॉडचा नाहीच. तो नुसता वेळ काढणाऱ्या फेऱ्यांचा आहे. म्हणून एक गंमत होई. याच मशीनवर ‘पोक ६५४९५,०’ लिहून प्रोसेसर पळवण्याची युक्ती गाजलेली होती. ती वापरली की फेरे लवकर संपत, बिट आखूड होत आणि प्रिंटर कचरा छापू लागे. छापण्याआधी वेग खाली आणावा लागायचा.

कमोडोर ६४चं (१९८२) प्रकरण जास्त चतुर आणि जास्त चमत्कारिक. त्याच्या मागे ‘सीरियल’ म्हणून ओळखलं जाणारं गोल सॉकेट आहे, पण ते डिस्क ड्राइव्ह आणि कमोडोरच्या प्रिंटरसाठी. आरएस-२३२शी त्याचा संबंध नाही. खरा पोर्ट यूजर पोर्टच्या पट्टीवर, तोही ० ते ५ व्होल्टचा. तिथे थेट आरएस-२३२ची केबल जोडली, तर अधिक-उणे १२ व्होल्ट आतल्या ६५२६ चिपवर जातात आणि ती मरते. मधे दाब बदलणारा अडॅप्टर हवाच.

या मशीनमध्येही सीरियल चिप नाही, पण रॉममधला प्रोग्राम ६५५१ असल्याचं सोंग आणतो. दोन क्रमांकाचं उपकरण उघडायचं आणि फाइलच्या नावाच्या जागी नियंत्रण रजिस्टरची किंमत अक्षराच्या रूपात द्यायची. ६ दिले तर ३०० बॉड, ८ दिले तर १२००. ॲपलवर जे आकडे, तेच इथेही, कारण नक्कल त्याच चिपची. सोंगालाही किंमत असते: बिटांची वेळ टायमरच्या इंटरप्टवर मोजली जाते, त्यामुळे १२००च्या वर भरवसा राहत नाही. शिवाय पोर्ट उघडताच रॉम बेसिकच्या मेमरीतून ५१२ बाइट काढून घेतो, दोन बाजूंच्या दोन बफरांसाठी, आणि प्रोग्राममधली सगळी व्हेरिएबलं पुसून टाकतो. म्हणून ‘ओपन’ ही ओळ प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला लिहायची. मधेच लिहिणाऱ्याचा हिशेब कुठे गेला, हे त्याला कधीच कळायचं नाही. पुढे खऱ्या ६५५१ची स्विफ्टलिंकसारखी कार्ट्रिज आली, तेव्हा ३८४०० बॉडपर्यंत मजल गेली.

सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमला (१९८२) मुळात पोर्टच नव्हता. तो १९८३ साली इंटरफेस वनबरोबर आला. वेग ठरवण्याचा त्याचा हुकूम मात्र या सगळ्या गर्दीत सर्वांत माणसाळलेला वाटतो: ‘फॉरमॅट’, अवतरणात ‘बी’, पुढे थेट ९६००. सांकेतिक आकडा नाही, फेऱ्यांची मोजणी नाही. ‘बी’ म्हणजे बाइट जसेच्या तसे. ‘टी’ म्हटलं तर मजकूर, म्हणजे बेसिकचे एका बाइटात कोंबलेले शब्द उलगडून अक्षरांत जातात. प्रोग्रामची यादी छापायची तर ‘टी’, फाइल पाठवायची तर ‘बी’. उलट केलं की कागदावर चिन्हांचा पाऊस पडतो. १२८ किलोबाइटच्या पुढच्या स्पेक्ट्रममध्ये पोर्ट अंगभूत झाला. तिथे हुकुमात ‘पी’ आलं, आणि सिग्नल ध्वनिचिपच्या फावल्या पिनांवरून बाहेर काढला होता. काटकसरीची अशी तऱ्हा सिंक्लेअरलाच सुचावी.

मराठी वाचकाशी प्रत्यक्ष नातं असलेलं मशीन या यादीत एक आहे: ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो. केंद्र सरकारचा शाळांसाठीचा ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प १९८४ साली सुरू झाला, तो याच मशीनवर. चंदीगडजवळच्या मोहालीतली सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड ते ‘एससीएल युनिकॉर्न’ नावाने जुळवत असे. शाळेच्या संगणक खोलीत काळ्या की आणि वरच्या ओळीत लाल-नारिंगी की असलेला कीबोर्ड पाहिल्याचं ज्यांना आठवतं, त्यांनी बहुधा हाच पाहिला असेल.

डिसेंबर १९८१मध्ये आलेल्या या मशीनच्या मॉडेल बीवर सीरियल पोर्ट अंगचाच होता. तो आरएस-४२३ प्रमाणाचा. दाब साधारण अधिक-उणे ५ व्होल्ट, आणि आरएस-२३२च्या उपकरणांशी त्याचं जमतं. मागे ६८५० ही खरी सीरियल चिप. सॉकेट मात्र डोमिनोच्या पाचासारखं आहे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, त्यामुळे प्लग उलटाही तितकाच घट्ट बसतो. कित्येक संध्याकाळी या एका गोष्टीत वाया गेल्या असतील. केबलवर वरच्या बाजूला रंगाचा ठिपका लावणं हा जुना आणि उत्तम उपाय.

सेटिंगचे सगळे हुकूम ‘*एफएक्स’ने सुरू होतात. ‘*एफएक्स ७’ येणाऱ्या माहितीचा वेग ठरवतो आणि ‘*एफएक्स ८’ जाणाऱ्या. पुढचा आकडा १ ते ८: ७५, १५०, ३००, १२००, २४००, ४८००, ९६०० आणि १९२००. दोन दिशांना दोन वेग कशाला, असं आज वाटेल. त्या वेळी ब्रिटनमध्ये टेलिफोनवरून चालणारी प्रेस्टेल ही माहितीसेवा घरी १२००ने पाठवायची आणि घरून ७५ने ऐकायची. ‘*एफएक्स ७,४’ आणि ‘*एफएक्स ८,१’ एवढ्यावर मशीन तयार. मग ‘*एफएक्स २,१’ म्हटलं की इनपुट कीबोर्डावरून उठून वायरीवर जातं, आणि नवखा माणूस कीबोर्ड मेला म्हणून घाबरतो. ब्रेक दाबला की तो परत येतो. कीबोर्ड हाताशी ठेवून वायरीवरचंही बफरात घ्यायचं तर ‘*एफएक्स २,२’. प्रिंटर सीरियल पोर्टवर नेण्यासाठी ‘*एफएक्स ५,२’, आणि अक्षराची घडण बदलायची तर ‘*एफएक्स १५६’, जो थेट ६८५०च्या रजिस्टरला हात घालतो.

हे हुकूम पाठ करणं त्रासाचं होतं, हे खरं. पण आढाव्यातल्या सगळ्या मशीनांत विचारपूर्वक केलेली मांडणी हीच म्हणावी लागते. इनपुट, आउटपुट, प्रिंटर आणि वेग हे चार प्रश्न वेगळे ठेवलेले, आणि चारही बेसिकमधून, डिस्क न घालता सोडवता येणारे. खोट एकच: तीच ६८५० कॅसेटसाठीही राबते, त्यामुळे कॅसेट आणि सीरियल एका वेळी चालत नाहीत. १९८६च्या बीबीसी मास्टरमध्ये ‘*कॉन्फिगर बॉड ७’ एकदा लिहिलं की ते बॅटरीवरच्या मेमरीत राहतं.

ॲपल टू-सीची खरी कहाणी मात्र घड्याळाची आहे. ६५५१ला वेग अचूक मोजायचा तर १.८४३२ मेगाहर्ट्झचं घड्याळ लागतं. त्याला १६ने आणि पुढे बारीक भागांनी भागलं की सगळे रूढ बॉड नेमके निघतात. सुरुवातीच्या टू-सीमध्ये वेगळं स्फटिक न लावता मशीनच्या १४.३१८ मेगाहर्ट्झच्या मुख्य घड्याळाला आठाने भागलं. उत्तर १.७९ मेगाहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ तीन टक्के मंद.

तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. ऐकणारी बाजू सुरुवातीचा बिट दिसताच स्वतःचं घड्याळ लावते आणि पुढचा प्रत्येक बिट त्याच्या मध्यावर वाचते. थांब्याच्या बिटापर्यंत साडेनऊ बिटांचा काळ गेलेला असतो. तीन टक्क्यांनी तोवर पाव बिटाहून जास्त घसरण होते. अर्ध्या बिटापर्यंत निभावतं. म्हणजे समोरचं उपकरण काटेकोर असेल, तर काम चालतं. तेच थोडं जलद असेल, तर शेवटचे बिट चुकतात. यामुळेच ही तक्रार काही मोडेमांवर यायची आणि काहींवर नाही, आणि माणूस सेटिंगच तपासत बसायचा. ॲपलने पुढच्या बोर्डावर स्वतंत्र ऑसिलेटर बसवला आणि ज्यांना अडचण येत होती त्यांना बोर्ड मोफत बदलून दिला. आजही न बदललेला टू-सी हाती आला, तर आधी हे पाहावं. सेटिंग बरोबर असून अधूनमधून भलतंच अक्षर येत असेल, तर दोष सेटिंगचा नसतो.

टू-सीच्या पोर्टांना मशीन पहिला आणि दुसरा स्लॉट समजतं: पहिला प्रिंटरचा, मुळात ९६००वर, दुसरा मोडेमचा, मुळात ३००वर. युटिलिटीच्या डिस्कवरून बदललेलं सेटिंग मेमरीत राहतं आणि वीज गेली की जातं. १९८६च्या ॲपल टू-जीएसने यावर उपाय केला. ओपन-ॲपल, कंट्रोल आणि एस्केप एकदम दाबलं की येणाऱ्या यादीतून रॉममधलंच कंट्रोल पॅनेल उघडतं. वेग, बिट, पॅरिटी, हँडशेक (समोरच्याला थांब-चल सांगण्याची पद्धत), ओळीची लांबी, ओळ संपल्यावर लाइन फीड घालायचं की नाही, सगळं साध्या शब्दांत निवडता येतं आणि बॅटरीवर जपलं जातं. आतली ८५३० चिपही जास्त दमदार. दोन अडचणी मात्र आहेत. स्लॉटांच्या यादीत ‘युअर कार्ड’ निवडलेलं असेल, तर अंगभूत पोर्ट प्रोग्रामांपुरता नाहीसाच होतो. आणि ती बॅटरी सुरुवातीच्या बोर्डांवर सोल्डर केलेली आहे. चाळीस वर्षांनी ती संपलेली असते, कधी गळून आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खाल्लेले असतात. मशीन दर वेळी मूळ सेटिंगवर उठत असेल, तर पॅनेलशी झटापट न करता झाकण उघडावं.

अटारी एसटी आणि अमिगा (दोन्ही १९८५) यांबद्दल थोडक्यात सांगता येतं, कारण माउसने चालणाऱ्या पॅनेलमध्ये सेटिंग निवडणं तिथे सोपं झालं होतं. अडचण खाली सरकली होती. एसटीच्या जुन्या रॉममध्ये आरटीएस-सीटीएस या वायरींचा हँडशेक नीट चालत नसे. त्यासाठी ‘ऑटो’ फोल्डरमध्ये छोटा दुरुस्तीचा प्रोग्राम ठेवावा लागे. अमिगाच्या पॉला चिपमध्ये आलेलं अक्षर थांबवून ठेवायला एकाच बाइटाची जागा. प्रोसेसर चित्रांत गुंतला की पुढचं अक्षर त्यावर येऊन आदळायचं. अमिगाच्या पंचवीस पिनांच्या सॉकेटात काही पिनांवर अधिक-उणे १२ व्होल्टही येतात, म्हणून सगळ्या पंचवीस वायरी जोडलेली तयार केबल तिला लावू नये.

केबलचा प्रश्न सगळ्यांना सारखाच आहे. टर्मिनलच्या बाण्याची दोन यंत्रं समोरासमोर आली की दोघंही एकाच पिनवरून बोलतात आणि एकाच पिनवर ऐकतात. मग वायरी उलटसुलट जोडाव्या लागतात. पंचवीस पिनांत पाठवण्याची पिन २ आणि घेण्याची ३. नऊ पिनांत याच्या उलट. इंटरफेस वनने तर नावं मोडेमच्या बाजूने दिली होती: ‘टीएक्स’ लिहिलेली पिन तिथे आत येणाऱ्या माहितीची. कागदावरच्या नावांपेक्षा मल्टिमीटरवर विश्वास ठेवलेला बरा. मशीन चालू करायचं, काळी पिन ग्राउंडच्या वायरीला लावायची आणि लाल पिनेने एकेक वायर तपासायची. निवांत असलेली पाठवण्याची वायर ठाम उणे दाखवते, बीबीसीवर उणे ५च्या आसपास, इतरत्र उणे १० ते १२. घेण्याची वायर शून्याजवळ असते. दोन्ही टोकांच्या ‘उणे’ वायरी कळल्या की जोडणी आपोआप ठरते. मग पाठवण्याची आणि घेण्याची पिन वायरीच्या तुकड्याने एकमेकींना जोडावी. टाइप केलेलं अक्षर परत आलं, तर निदान आपलं टोक धड आहे. हँडशेकच्या वायरी जोडल्या नाहीत, तर मात्र या चाचणीतही मशीन गप्प बसू शकतं.

टू-जीएसला आणि त्या काळच्या मॅकिंतॉशला आठ पिनांचं छोटं गोल सॉकेट आहे आणि प्रमाण आरएस-४२२. त्यात घेण्याच्या वायरींची जोडी असते. साध्या आरएस-२३२शी जुळवताना त्यातली अधिक बाजूची वायर ग्राउंडला जोडायची. ती लोंबकळत राहिली तर कधी चालतं, कधी नाही.

आज दुसऱ्या टोकाला बहुतेकदा यूएसबीचा अडॅप्टर असतो, आणि इथे वेगापेक्षा हँडशेक जास्त छळतो. सॉफ्टवेअरचा हँडशेक म्हणजे ‘थांब’साठी १९ आणि ‘चल’साठी १७ क्रमांकाचं अक्षर पाठवणं. मजकुराला हे चालतं. डिस्कच्या प्रतिमेत हे आकडे माहिती म्हणूनच येतात आणि पाठवणी मधेच थांबते. तिथे वायरीचा हँडशेक हवा, किंवा एडीटीप्रोसारखी तुकडे तपासत पाठवणारी पद्धत. एडीटीप्रो टू-सीवर ११५२०० बॉडपर्यंत जातो. अशा वेळी ६५५१ला तिचं १.८४३२ मेगाहर्ट्झचं घड्याळ नुसतं १६ने भागायला सांगितलेलं असतं. १४० किलोबाइट मग वायरीवरून बारा-तेरा सेकंदांत जातात, आणि खरा वेळ फ्लॉपी फिरण्यात जातो.

बीबीसीवर वायरीचा हँडशेक सगळा जोडूनही मोठ्या फाइलीतून मधले बाइट गळतात, ही नेहमीची तक्रार. तिचं मूळ दोन आकड्यांत आहे. बीबीसीचा घेण्याचा बफर २५५ बाइटांचा. त्यात ९पेक्षा कमी जागा उरली की मशीन आरटीएसने ‘थांब’ म्हणतं. १९८१ साली समोरचं उपकरण एक-दोन अक्षरांत थांबत असे, त्यामुळे ९ पुरेसे होते. पुढे पीसीत आलेल्या १६५५० चिपमध्ये पाठवण्यासाठी १६ बाइटांची रांग आली. ‘थांब’ कळेपर्यंत रांगेत शिरलेले सोळाच्या सोळा बाइट निघून जातात आणि त्यातले काही बफराबाहेर सांडतात. काही यूएसबी अडॅप्टर तर याहूनही उशिरा थांबतात. एकॉर्नच्या अभियंत्यांनी ९ हा आकडाही बदलता येण्याजोगा ठेवला होता: ‘*एफएक्स २०३,३२’ लिहिलं की बत्तीस जागा शिल्लक असतानाच आरटीएस खाली येतो आणि सोळा बाइटांना उतरायला जागा मिळते. मशीन बंद करून चालू केलं की ९ परत येतात, तेव्हा ही ओळ फाइल घेणाऱ्या प्रोग्रामातच घातलेली बरी.